सायकियाट्री पोस्टिंगचा पहिला आठवडा: काय बघायचं, कसं विचारायचं, काय लिहायचं

नर्सिंग शिकणाऱ्या मुली मानसोपचार वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला येतात, ती ही पोस्टिंग. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात पेशंटची मानसिक स्थिती टिपायचा एक छापील फॉर्म असतो. दिसणं-वागणं, बोलणं, मूड, विचार, भास, स्मरणशक्ती, निर्णयक्षमता, आजाराची जाण, असे वरून खाली रकाने. मुलगी कॉटशेजारी उभी राहते, पेन उघडते आणि विचारते, "काका, तुम्हाला कानात आवाज येतात का?" काका म्हणतात, "नाही." ती 'नाही' लिहिते. पाच मिनिटांनी तेच काका भिंतीकडे तोंड करून कोणाला तरी दटावत असतात.

पुण्यात मानसिक आजारांच्या वॉर्डांत मी एकतीस वर्षं काढली. आधी अधिपरिचारिका होते, शेवटची नऊ वर्षं परिसेविका. येणाऱ्या प्रत्येक बॅचला मी पहिले दोन दिवस फॉर्म पिशवीतच ठेवायला लावायचे. रकाने महत्त्वाचे आहेतच, पण ते भरायला पेशंटने तुमच्याशी बोलावं लागतं, आणि अनोळखी माणसाशी पेन बघून कोणी बोलत नाही. पेशंटची ओळख लागू नये म्हणून खाली मी गावं आणि काही तपशील बदलले आहेत.

तर पहिले दोन दिवस चहाच्या वेळी वॉर्डात थांबा. सकाळची किटली आली की रांगेत आपण होऊन कोण येतं, कोणाला वॉर्डातल्या मदतनीस मावशींनी हाक मारावी लागते, कोण ग्लास हातात धरून तसंच उभं राहतं, कोणाचा हात थरथरतो, कोण आधी दुसऱ्याला प्यायला लावून मग स्वतः पितं, हे सगळं पाहा. दुसऱ्याला आधी प्यायला लावणाऱ्या बाईच्या मनात चहात काही घातलंय अशी शंका असू शकते, आणि ती शंका प्रश्न विचारून तुम्हाला पहिल्या दिवशी कधीच कळली नसती. शर्टाची बटणं, नखं, केस, पायात चप्पल आहे की नाही, आंघोळ स्वतः केली की घालावी लागली, हेही बघा. तुमच्याकडे बघताना नजर मिळते का? चालताना हात हलतात का? कोणी एकाच जागी, एकाच अवस्थेत तासभर आहे का? दिसणं-वागणं हा अख्खा रकाना इथेच भरतो, आणि कोणाला एक प्रश्नही विचारावा लागत नाही.

संध्याकाळीसुद्धा एकदा बघा. तीव्र नैराश्याचे बरेच पेशंट पहाटे आणि सकाळी सगळ्यात वाईट असतात, दिवस कलला की थोडे मोकळे होतात. फक्त सकाळच्या ड्यूटीत पाहिलेला माणूस अर्धाच पाहिलेला असतो.

आता हाक कशी मारायची. आपल्याकडे पेशंटला सरसकट काका, मावशी, आजी म्हणायची पद्धत आहे आणि त्यात आपुलकी असते, हे मला मान्य आहे. तरीही आधी विचारा. "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" आमच्या वॉर्डात साठीच्या एक बाई होत्या. केसांचा गुंता झालेला, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत, आंघोळीला रोज झटापट. त्यांच्या जुन्या केसपेपरमध्ये मला 'निवृत्त प्राथमिक शिक्षिका' एवढी ओळ सापडली. दुसऱ्या दिवशी मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, नमस्कार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि ताठ बसल्या. शाळेत त्यांना चाळीस वर्षं हीच हाक मिळाली होती. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी खोबरेल तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन गेले, तर पाठ वळवून बसल्या. त्या आजारी पडल्यापासूनची जवळजवळ सगळी हकिकत मला पुढच्या दहा-बारा दिवसांत वेणी घालताना कळली, रोज वीस मिनिटं. समोरासमोर बसून नजरेला नजर देत त्यांनी ती कधीच सांगितली नसती.

म्हणून प्रश्न विचारायला मुद्दाम वेगळी वेळ शोधू नका. नखं कापताना, अंथरूण घालताना, बीपी बघताना बोलणं निघतं. जेव्हा बसूनच बोलायचं असेल तेव्हा स्टूल ओढून पेशंटच्या उंचीला बसा, अगदी समोर न बसता थोडं तिरकं, हातभर अंतर ठेवून. दार तुमच्याही जवळ हवं आणि पेशंटची वाटही अडता कामा नये. कोंडल्यासारखं वाटलं की घाबरलेला माणूस चिडतो. ज्याच्या मनात गोंधळ चालला आहे त्याच्याजवळ दहा मिनिटं पुरतात. तो गप्प असेल तर दहा मिनिटं गप्प बसा आणि उठताना सांगा, "मी आता जाते, चार वाजता पुन्हा बसेन." मग चारला बसा.

हे नातं म्हणजे नर्सिंगचंच काम आहे, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते हिल्डेगार्ड पेपलाउ या अमेरिकन नर्सने, १९५२ मध्ये. नातं टप्प्याटप्प्याने जातं, हे तिचं म्हणणं: ओळख, मग काम, मग निरोप. परीक्षेत तुम्ही हे टप्पे लिहाल. वॉर्डात मात्र एकच गोष्ट लक्षात ठेवा, की दुसरा टप्पा तुम्हाला हवा म्हणून येत नाही. पेशंट तुमची परीक्षा घेतो, म्हणालात त्या वेळेला येता का हे बघतो, आणि मग ठरवतो.

माझ्याकडून एकदा ही चूक झाली आहे. नैराश्याने महिनाभर जवळपास मुकी झालेली एक तरुण बाई एका दुपारी माझ्याशी बोलायला लागली. सासरचं, माहेरचं, पोटात गेलेल्या बाळाचं. ड्यूटी संपत आली होती. मी म्हटलं, "उद्या बोलू हं." दुसऱ्या दिवशी माझी वीकली ऑफ होती आणि हे मला बोलताना आठवलं नाही. परवा गेले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली. पुन्हा तोंड उघडायला तिला अकरा दिवस लागले. तेव्हापासून मी 'उद्या', 'नंतर', 'बघू' हे शब्द वॉर्डात वापरले नाहीत. वार आणि वेळ सांगायची: "बुधवारी माझी दुपारची ड्यूटी आहे, तीन वाजता येईन." आणि जमलं नाही तर दुसऱ्या सिस्टरकडून निरोप पाठवायचा.

विचारायचं कसं

मूड विचारताना 'तुमचा मूड कसा आहे' हा प्रश्न आपल्या बहुतेक पेशंटना कळत नाही. "मन कशात लागतं का?", "करमतं का?", "रात्री मनात काय येतं?" असं विचारा. उत्तर शरीराच्या भाषेत येईल: जीव घाबरा होतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं, हातापायातलं बळ गेलं, डोकं भणभणतं. ते शब्द आहेत तसेच लिहा. माणूस सांगतो तो मूड, आणि तुम्हाला चेहऱ्यावर दिसतो तो अफेक्ट. दोन्ही वेगळे लिहायचे, कारण पुष्कळदा ते जुळत नाहीत. "वडील वारले" हे हसत सांगणारा पेशंट असतो, आणि काही जणांच्या चेहऱ्यावर कशानेच रेघसुद्धा हलत नाही.

सोलापूर, सातारा, नगरकडून आलेले पेशंट म्हणतील, "डोस्क्यात किडं वळवळत्यात." हा वाक्प्रचार असू शकतो आणि भ्रमही असू शकतो. तुम्ही ठरवू नका, विचारा: "म्हणजे विचार थांबत नाहीत असं, की खरोखर किडे आहेत असं वाटतं?" एवढ्या एका प्रश्नावर निदान बदलतं.

भासांबद्दल थेट 'आवाज येतात का' म्हणू नका, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी शंभरदा विचारून तो प्रश्न बोथट झालेला असतो. "एकटं असताना कोणी बोलल्यासारखं वाटतं का?" इथून सुरुवात करा. हो म्हटलं तर शांतपणे पुढे जा. बाहेरून कानावर येतं की डोक्यातच? बाईचा आवाज, पुरुषाचा? ओळखीचा? तुमच्याशी बोलतात की तुमच्याबद्दल आपापसात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही करायला सांगतात का, आणि नाही ऐकलं तर काय होईल म्हणतात? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा हुकूम असेल तर तिथून उठून थेट डॉक्टरांकडे जायचं, फॉर्म नंतर.

पेशंट विचारेल, "तुम्हाला नाही ऐकू येत?" खोटं हो म्हणू नका. "असं काही नसतं" म्हणूनही त्याला झिडकारू नका. मी म्हणायचे, "मला नाही ऐकू येत. पण तुम्हाला येतोय आणि त्रास होतोय, हे मला दिसतंय." भ्रमाशी वाद घालून कोणाचा भ्रम गेलेला मी एकतीस वर्षांत पाहिला नाही.

अंगात येणं, करणी, बाधा हे शब्द आले की काही मुली लगेच 'डिल्युजन', म्हणजे भ्रम, लिहितात. थांबा. वारीत विठोबा भेटला म्हणणारा माणूस आजारी नसतो. घरातले, गावातले लोक तेच मानतात का, नवरात्रात घटकाभर येऊन जातं की रोज चालतं, त्यामुळे खाणंपिणं, झोप, काम बंद पडलंय का, हे विचारा आणि मिळालेलं उत्तर लिहा. विचारताना तुमच्या चेहऱ्यावर तुच्छता आली की पेशंटबरोबर नातेवाईकही बोलायचे थांबतात.

आकलनाच्या चाचण्या माणसाला बेतून घ्या. शंभरातून सात-सात वजा करायला लावणं शाळा शिकलेल्याला ठीक आहे. मंडईत भाजी विकणाऱ्या बाईला मी विचारायचे, "पंधरा रुपयांच्या तीन जुड्या, शंभरची नोट दिली, परत किती?" ती माझ्याआधी उत्तर द्यायची. अक्षरओळख नसेल तर वार उलटे म्हणायला सांगा. तारीख विचारण्याआधी वॉर्डात कॅलेंडर आणि चालू घड्याळ आहे का ते बघा. सहा महिने आत असलेल्या माणसाला तारीख माहीत नसणं हा आजार असेलच असं नाही. खेड्यातल्या आजी तारीख सांगणार नाहीत, पण 'आज चतुर्थी' अचूक सांगतील, तेही ग्राह्य धरा.

नजीकच्या स्मरणासाठी सकाळी नाश्त्याला काय होतं ते विचारतात. पण आधी किचनमधून खात्री करून घ्या, नाहीतर पेशंट आत्मविश्वासाने पोहे म्हणेल आणि तुम्ही बरोबरची खूण कराल, दिला होता उपमा. जुन्या आठवणींसाठी वयस्कर पुणेकरांना मी पानशेतचा पूर विचारायचे. १२ जुलै १९६१. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, पाणी कुठपर्यंत आलं होतं? स्मरणशक्ती शाबूत असलेला माणूस पेठेचं, वाड्याचं, कोणत्या पायरीपर्यंत पाणी होतं याचं चित्र उभं करतो. लातूरकडच्या पेशंटला किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मात्र त्यात त्याचं कोणी गेलं असेल, हे लक्षात ठेवून हळू विचारा.

अमूर्त विचारासाठी म्हणी असतात. 'दुरून डोंगर साजरे' म्हणजे काय? डोंगर लांबून छान दिसतो, एवढंच सांगणारा शब्दार्थावर अडकलेला आहे. निर्णयक्षमतेसाठी पत्ता लिहिलेलं पत्र रस्त्यात सापडल्याचा जुना प्रश्न आता सोडा, स्वारगेटच्या बसमध्ये कोणाचं पाकीट सापडलं तर काय कराल, असं विचारा. आजाराच्या जाणिवेसाठी एकच साधा प्रश्न पुरतो, "तुम्हाला इथं का आणलं असं वाटतं?" मग ऐकत राहा.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी बघायची, ती म्हणजे शुद्ध. काल बरा असलेला माणूस आज अचानक वेळ-जागा विसरला, मधेच ठीक मधेच भरकटलेला, रात्री जास्त, हवेतलं काहीतरी वेचतोय, तर तो 'मानसिक' म्हणून सोडून देऊ नका. ताप, साखर, ऑक्सिजन बघा, डॉक्टरांना उठवा. दारू सोडून दोन-तीन दिवस झालेल्या माणसाला थरथर, घाम आणि असे भास सुरू झाले तर ती जिवाची इमर्जन्सी आहे.

मरणाबद्दल

हा प्रश्न विचारायला सगळ्याच घाबरतात. विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार जातो, ही समजूत चुकीची आहे. ज्याच्या मनात तो आहे त्याला कोणीतरी विचारलं याने बहुधा हायसंच वाटतं. पायरी-पायरीने जा: जगून काय उपयोग असं वाटतं का? मरण यावं असं? स्वतःला काही करून घ्यावं असं? कसं, ते ठरवलंय का? पूर्वी कधी केलंय? सोय हाताशी आहे का? शेतकरी घरातला पेशंट असेल तर घरी फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हे नातेवाइकांना विचारून ते डिस्चार्जच्या आधी हलवायला सांगा. "कोणाला सांगू नका" असं पेशंट म्हणाला तर कबूल होऊ नका. "तुमचा जीव राहावा म्हणून मी डॉक्टरांना सांगणार आहे, आणि सांगून परत तुमच्याजवळ येणार आहे." मग ओढणी, नाडी, पट्टा, ब्लेड बाजूला, कॉट नर्सिंग स्टेशनसमोर, आणि गोळी दिल्यावर जिभेखाली आणि गालात बघायचं. गोळ्या साठवून एकदम घेतल्या जातात. डिस्चार्ज पेपरवर १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर ठळक लिहून द्या. २०२२ पासून तो सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

लिहायचं कसं

याच्यावर मी सगळ्यात जास्त भांडले आहे, कारण यात मी एका मुलाचे हाल केले.

नोकरीचं चौथं वर्ष, नाईट ड्यूटी. बारामतीकडचा बावीस वर्षांचा मुलगा, हॅलोपेरिडॉल हे भास-भ्रमावरचं औषध सुरू होऊन तिसरा दिवस. रात्रभर वॉर्डात येरझारा. मी दोनदा रागावले, तीनदा कॉटवर बसवलं, तो उठलाच. सकाळी नोट लिहिली: 'पेशंट रात्रभर अस्वस्थ, सूचना ऐकत नाही, झोपला नाही.' राऊंडला ती वाचून डॉक्टरांना आजार बळावतोय असं वाटलं आणि डोस वाढला. पुढच्या रात्री तो रडत चालत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे आमचे वॉर्डातले मदतनीस मामा मला म्हणाले, "सिस्टर, पोरगं म्हणतंय बसायचंय, पण पाय बसू देत नाहीत."

ते वाक्य मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी लगेच ओळखलं. अकॅथिझिया, म्हणजे एका जागी बसूच न देणारी तगमग, औषधाचाच दुष्परिणाम. डोस कमी झाला, त्या तगमगीवर प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं, त्या रात्री मुलगा झोपला. पेशंटने निदान स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, ते मामांनी ऐकलं, मी 'सूचना ऐकत नाही' लिहिलं.

तीच नोट आज मी अशी लिहीन: 'रात्री ११ ते ३ कॉटशेजारी येरझारा. बसवल्यावर एक-दोन मिनिटांत पाय हलवत उठतो. उभ्याउभ्या पाय आलटून-पालटून टेकवतो. म्हणतो, "बसायचंय, पण पाय बसू देत नाहीत." भास नाकारतो. बोलणं सुसंगत.' असंबद्ध, चिडका, नाटकी, सहकार्य करत नाही हे शब्द पेपरवर लिहू नका. असंबद्ध बोलतो असं वाटलं तर त्याची तीन वाक्यं उतरवा, वाचणाऱ्याला कळेल. वेळ, कृती, पेशंटचे शब्द अवतरण चिन्हात. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर अंदाज म्हणून वेगळा. आणि मामा-मावशींना रोज विचारा, ते पेशंटजवळ आपल्यापेक्षा जास्त असतात.

प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे पेशंटचं आणि तुमचं बोलणं शब्दशः रकान्यांत उतरवणं, तेसुद्धा समोर बसून लिहू नका. बोलणं झाल्यावर बाजूला जाऊन आठवून लिहा, स्वतःची वाक्यंही खरी लिहा. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" हे तुमच्या रकान्यात किती वेळा आलंय ते मोजा. त्या वाक्यानंतर पेशंटने पुढे काय सांगितलं ते बघा. बहुधा काहीच सांगितलेलं नसतं.

बांधून ठेवण्याबद्दल थोडक्यात, कारण नव्या मुलींकडून नकळत धमकी दिली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २०१८ पासून. त्याप्रमाणे बांधणं ही शिक्षा होऊ शकत नाही. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आवश्यक तेवढाच वेळ, आणि लेखी नोंद करून. "ऐकलं नाहीस तर बांधीन" हे वाक्य तोंडातून गेलं की नातं तिथे संपतं.

नात्याची हद्दही असते. फोन नंबर, घरचा पत्ता द्यायचा नाही, पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत, बाहेरून खाऊ आणून एकालाच द्यायचा नाही. "सिस्टर, लग्न झालंय का?" असं विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या आणि "तुमच्या मनात हे का आलं?" म्हणून बोलणं पेशंटकडे वळवा. एखादा पेशंट तुम्हाला घरी गेल्यावरही सोडत नसेल, किंवा एखाद्याचा उगाच राग येत असेल, तर तुमच्या मॅडमना सांगा. लपवू नका. मलाही असं झालं आहे, सगळ्यांना होतं.

आणि निरोप पहिल्याच दिवशी सांगायचा. "मी तीन आठवडे आहे, वीस तारीख माझी शेवटची." शेवटच्या आठवड्यात पुन्हा आठवण द्या. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या अडीच हजार खाटांच्या ठिकाणी कित्येक माणसं अशी असतात की त्यांना भेटायला वर्षानुवर्षं कोणी येत नाही. न सांगता निघून जाणारी माणसं त्यांनी भरपूर पाहिलेली असतात. शेवटच्या दोन दिवसांत नवे विषय उघडू नका. पेशंट चिडला, बोलेनासा झाला, तरी ठरलेल्या वेळी जाऊन बसा.

माझी त्या वॉर्डातून बदली झाली तेव्हा मी बाईंना पंधरा दिवस आधी सांगितलं. त्या दोन दिवस वेणीला बसल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी बसल्या. शेवटच्या दिवशी मी माझ्या जागी येणाऱ्या सिस्टरला घेऊन गेले, म्हटलं, "बाई, उद्यापासून सकाळी नऊला या येतील." बाईंनी तिला वर-खाली न्याहाळलं, नाव विचारलं, आणि म्हणाल्या, "तीन पेडी घालता येते का? घट्ट नको."